सहाव्या नावापुढचा आकडा

श्याम गायधनीने बायकोवर कधी हात उगारला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, गणपतीच्या जेवणाला, मंडळाच्या सहलीत, बोलता बोलता अगदी सहज. आणि ते खरं होतं. नीता शेजारी उभी राहून मान डोलवायची.

तो फक्त गप्प बसायचा. आमटीत मीठ जास्त पडलं तर दोन दिवस. तिने न विचारता कुणाला फोन केला तर आठवडा. सगळ्यात लांबलं ते अकरा दिवस. त्या दिवसांत तो घरातून असा वावरायचा की जणू घरात दुसरं कुणी नाहीच. ती बोलली तर टीव्हीचा आवाज वाढवायचा. मग एखाद्या सकाळी म्हणायचा, "चहा टाक." आणि नीताला इतकं हलकं वाटायचं की गॅससमोर उभ्या उभ्या तिचे डोळे भरून यायचे. अशी बावीस वर्षं गेली होती. गाडीचं लॉक बाहेर 'टुक' वाजलं की ती मागचा सगळा दिवस भराभर आठवून बघे. आज आपलं काय चुकलं?

नीता मूळची नाशिकची, पंचवटीतली. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली होती. लग्नानंतर काही वर्षं मुंबईत काढून ते ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला, कराथा नावाच्या गावी गेले. लाल माती, गॅसचा प्लँट आणि उन्हाळ्यात अंगावर धावून येणारं ऊन. तिथेच मुलगी चैत्राली शाळेत गेली, तिथेच तिघांना नागरिकत्व मिळालं. मग श्यामला कतारमध्ये, रास लफानला, मोठी जागा मिळाली आणि ते अल खोरच्या कंपनी कॉलनीत राहायला आले. चैत्राली बारावीनंतर नर्सिंग शिकायला पर्थला परत गेली. गेलं वर्षभर ती बापाशी बोलत नव्हती. आईशी बोलायची, पण श्यामची ड्युटी चालू असेल तेव्हाच.

कतारमधला नीताचा राहण्याचा परवाना श्यामच्या नावावर होता. पासपोर्ट त्याच्या कपाटात होता, आणि फोन कुठे आहे ते श्यामच्या फोनवर दिसायचं. यातलं काहीही त्याने ओरडून केलेलं नव्हतं. "तुझ्याच्याने हरवतं," असं म्हणून एकेक वस्तू त्याने स्वतःकडे घेतली होती.

ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं. कराथाला असताना ते शाळेतल्या केंद्रावर जायचे. दाराशी पक्षाची माणसं 'असं मत द्या' म्हणून कागद वाटायची. त्यातला एक श्याम घ्यायचा आणि म्हणायचा, "हे बघून लिही." तिकडे एकाच नावापुढे खूण करून भागत नाही, प्रत्येक उमेदवारापुढे आकडा घालावा लागतो. सगळ्यात आवडत्याला एक, मग दोन, असं शेवटपर्यंत. नीता शाळकरी मुलीसारखे सुबक आकडे काढायची. पुढची निवडणूक आली तेव्हा ते कतारला होते. टपालाने कागद आले आणि दोघांचे श्यामनेच भरले. नीताने फक्त सही केली.

यंदा, दोन हजार पंचवीसच्या एप्रिलमध्ये, प्लँटवर मोठ्या दुरुस्तीचं काम निघालं आणि त्या गडबडीत श्यामचा टपाली मतदानाचा अर्ज राहून गेला. मग दोह्याला, वकिलातीत जाऊन मत देण्यावाचून इलाज उरला नाही.

"रविवारी जाऊ," तो म्हणाला. "आकडे पाठ कर. पाच, दोन, सहा, एक, चार, सात, तीन. वरून खाली याच क्रमाने. म्हण."

"पाच, दोन, सहा, एक, चार, सात, तीन."

"आणि आत गेल्यावर कागदाचा फोटो काढ. मला बघायचाय."

चार दिवस तो तिची परीक्षा घेत होता. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, मधेच हाक मारून. "म्हण." एकदा तिने सहा आणि चारची अदलाबदल केली. त्याने ताट बाजूला सारलं आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. नीता हातातलं काम सोडून पुटपुटायला लागली. ते आकडे तिच्या डोक्यात पाढ्यासारखे फिरायला लागले.

गुरुवारी सकाळी श्याम ड्युटीवर गेला. टेबलावर त्याने छापून आणलेला उमेदवारांचा कागद होता, शेजारी त्याच्या पक्षाचं पत्रक. आकडे विसरू नयेत म्हणून नावांशी जोडून बघावेत, एवढ्यासाठीच नीताने ते हातात घेतले. नावं वाचत ती खाली आली आणि सहाव्या नावावर थांबली.

ग्वेन हार्डिंग. अपक्ष.

सहाव्या नावापुढे श्यामचा आकडा होता सात. म्हणजे सगळ्यात शेवटी. तिने पक्षाचं पत्रक पाहिलं. तिथे ग्वेनपुढे छापलेला होता तीन.

नीता मटकन खुर्चीत बसली. त्याने मुद्दाम बदललं होतं. म्हणजे तो विसरलेला नव्हता.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कराथाचा फेब्रुवारी महिना. श्यामला न सांगता नीताने गाडी चालवण्याच्या परीक्षेचा अर्ज भरला होता. त्याला तो सापडला. तो काही बोलला नाही. ती कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेली तेव्हा त्याने आतून दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने बाहेर पडून, गाडी काढून कामावर निघून गेला. त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. पायात साध्या सपाता. नीता भिंतीच्या वीतभर सावलीत उभी राहिली, आणि सावली सरकेल तशी सरकत राहिली. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायाला मलमपट्टी करायला सरकारी नर्स यायची, ती ग्वेन. तिने येताना नीताला पाहिलं होतं, तासाभराने जाताना पुन्हा पाहिलं. तिने नीताला आपल्या गाडीत, थंड हवेत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुला दुसरीकडे कुठे नेऊन सोडू का?"

"नाही, नाही," नीता हसून म्हणाली होती. "किल्ली विसरले."

ग्वेनने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि एका पावतीच्या पाठीमागे आपला नंबर लिहून दिला. तेवढ्यात श्याम आला. त्याने ग्वेनशी हात मिळवला, आभार मानले, हवेबद्दल दोन वाक्यं बोलला. घरात गेल्यावर त्याने नीताकडे हात पुढे केला. नीताने पावती त्याच्या हातात ठेवली. ते अकरा दिवस त्यानंतरचेच.

आता ती बाई निवडणुकीला उभी होती. श्यामच्या वहीत तिची नोंद इतकी वर्षं राहिली होती.

नीताने चैत्रालीला फोन लावला.

"आई, सगळं ओके ना?" चैत्रालीचा पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा.

"ग्वेन उभी आहे गं. ती नर्स."

"आय नो. ती विमेन्स शेल्टरसाठी उभी आहे. कराथाचं बंद पडलं ना, स्टाफ नाही म्हणून." चैत्रालीला त्या दुपारची गोष्ट ठाऊक होती. शाळेतून आली तेव्हा तिने आईच्या पायावरचे फोड पाहिले होते.

"पण ती निवडून येणार नाही. मग मत वाया नाही का जाणार?"

"नो, आई. लिसन. तिला वन दे. ती हरली की तुझं मत टू कडे जातं. मग थ्री. वाया काही जात नाही. दॅट्स द होल पॉइंट."

"मग दोन कुणाला देऊ? तुला कोण बरं? तुझं भाडं, तुझं शिक्षण..."

"माझ्यासाठी नको देऊ ना. तुला काय वाटतं ते दे."

नीता एकदम चिडली. "मला काय वाटतं ते मला कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

चैत्राली हळूच म्हणाली, "बाबा बघणार आहेत का तुझा पेपर?"

"फोटो काढायला सांगितलाय."

"आई, इट्स सीक्रेट. कायद्याने. कोणी बघू शकत नाही."

कायदा! नीताला हसूही आलं नाही. कायदा दोह्याच्या वकिलातीत असेल. घरी परत येताना गाडीत कोण असणार होतं?

तरी तिने त्या दिवशी आणि शुक्रवारी, श्याम झोपलेला असताना, सगळं वाचून काढलं. सातही जणांची पत्रकं. दोन्ही मोठे पक्ष घरांबद्दल बोलत होते, डॉक्टरांबद्दल बोलत होते. तिला कराथाचा दवाखाना आठवला, दुभाष्या न मिळाल्याने रिकाम्या हाताने परत गेलेली एक फिलिपिनो बाई आठवली, गाडी नसलेल्या माणसाने तिथे कुठेही जायचं कसं, हा रोजचा प्रश्न आठवला. या सगळ्याबद्दल आपली काही मतं आहेत, हे तिला कागद वाचतानाच समजत गेलं. एका पत्रकातल्या वाक्याला ती मोठ्याने म्हणाली, "खोटं आहे हे." आणि घाबरून बेडरूमच्या दाराकडे पाहिलं.

आकडे तिने कुठेच लिहिले नाहीत. श्यामने घोकून घेतलेल्या आकड्यांच्या शेजारी तिने दुसरे सात आकडे मनात रचले. पण रात्री झोप लागेना. दोन्ही रांगा एकमेकींत मिसळत होत्या. शनिवारपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं, की काही नको. त्याचेच घालू. कुणाला काय फरक पडतो? एका मताने ग्वेन थोडीच निवडून येणार आहे?

रविवारी सकाळी श्यामने कपाट उघडून दोन्ही पासपोर्ट काढले, स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवले. पावणेदहाला ते वेस्ट बेमधल्या टॉवरखाली पोचले. वर सुरक्षारक्षकाने सांगितलं, "मोबाइल इथेच ठेवा." श्यामच्या कपाळाची शीर हलली. फोन ठेवावे लागले. पासपोर्ट प्रत्येकाने आपापला दाखवायचा, म्हणून नीताचा पासपोर्ट तिच्या हातात आला. दोन वर्षांनी तिने तो हातात धरला होता. तिने तो पर्समध्ये टाकला.

आत टेबलामागे तिशीतली एक गोरी मुलगी बसली होती. तिने नीताचं नाव विचारलं, कराथाचा पत्ता विचारला, या निवडणुकीत आधी मत दिलंय का ते विचारलं. मग खालच्या सभागृहाचा एक हिरवा कागद आणि वरच्या सभागृहाचा एक भलामोठा पांढरा कागद पुढे केला. श्याम एक पाऊल पुढे आला आणि त्याचं ते छानसं हसू हसला.

"माझ्या बायकोचं इंग्रजी कच्चं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "मी तिच्याबरोबर आत जातो. मदतीला."

मुलीने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि मग सरळ नीताकडे वळली. "मॅडम, तुम्हाला मदत हवी आहे का?"

नीताच्या कानात समुद्रासारखा आवाज भरला. श्यामचा हात तिच्या कोपराला लागलेला होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. मागे दोन माणसं रांगेत उभी होती. मुलगी वाट बघत होती. 'हो' म्हटलं की सगळं पाच मिनिटांत संपणार होतं. घरी जाऊन खिचडी टाकायची, संध्याकाळी चहा.

"नो," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "नो. आय कॅन रीड."

कोपरावरचा हात निघाला. नीताने वळून पाहिलं नाही. दोन्ही कागद घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशाकडे गेली.

आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. हिरव्या कागदावर सहाव्या नावापुढे तिने एक घातला. मग पहिल्या नावाकडे गेली आणि घोकलेले आकडे धाडकन वर आले. पाच, दोन, सहा. तिच्या हाताने ते लिहूनही टाकले. ती थांबली, पुढे आपले घालायला गेली आणि दोनदा चार पडले. कागद खराब झाला. शेजारच्या आडोशात श्यामच्या पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. हा असाच घडी घालून टाकला तर मत बाद. दुसरा मागायचा तर पुन्हा बाहेर, टेबलापर्यंत, सगळ्यांसमोर.

ती कागद उलटा धरून बाहेर आली. "सॉरी. चूक झाली."

"नेहमी होतं," मुलगी म्हणाली. तिने जुना कागद न बघता रद्द केला आणि नवा दिला.

श्यामचं मत देऊन झालं होतं. तो आडोशांच्या बाजूने, जणू भिंतीवरचं सूचनापत्र वाचतोय असा, नीताच्या मागे येऊन उभा राहिला. मुलीचा आवाज आला, "सर, तुमचं झालं असेल तर प्लीज बाहेर थांबा." तो हसला. "शुअर." त्याच्या बुटांचा आवाज दूर गेला.

नीताने डोळे मिटले आणि एक श्वास घेतला. आता घोकलेलं काही आठवायचं नव्हतं. तिने एकेक नाव वाचलं, त्या नावाबद्दल तिला काय वाटतं ते स्वतःलाच विचारलं आणि आकडा घातला. पांढरा कागदही तसाच भरला. सगळं धरून दहा मिनिटं लागली. शेवटी दोन्ही कागद पाकिटात घालून पाकिटावर सही करायची होती. त्यावर स्वतःचं नाव बघून ती पुन्हा दचकली.

"यावरून कुणाला कळेल का? मी कुणाला दिलं ते?"

"नाही," मुलगी म्हणाली. "तुमचं नाव यादीत तपासतात, मग कागद बाहेर काढून न उघडता बाकीच्यांत मिसळतात. कुणालाच कळत नाही." मग जरा थांबून, आवाज खाली करून तिने विचारलं, "मॅडम, यू ओके?"

"ओके," नीता म्हणाली. सवयीने.

गाडी निघाली. लुसैलचे टॉवर मागे पडेपर्यंत श्याम बोलला नाही. मग म्हणाला, "काय केलंस?"

"मत दिलं."

"कसं?"

नीताने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "मला वाटलं तसं."

त्याने मान हलवली. एवढंच. वीस मिनिटांनी अल खोरचा फाटा आला. गाडी वळली नाही. तशीच सरळ उत्तरेला निघाली, वेग वाढला. दोन्ही बाजूंना सपाट, पिवळट माळ. नीताने दोनदा विचारलं, "अहो, कुठे चाललोय?" तिसऱ्यांदा विचारायची तिची हिंमत झाली नाही. काट्याकडे बघू नये असं ठरवूनही तिची नजर काट्याकडे जात होती. एकशे चाळीस. एकशे पंचावन्न. आपण आता मरणार, असं तिला वाटलं, आणि चैत्रालीला कळवणारं कुणी नाही, असंही.

देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या मदिनत अश शमाल गावाच्या अलीकडे त्याने रस्ता सोडून एका मोकळ्या मैदानात गाडी घातली आणि इंजिन बंद केलं. समोर काही नव्हतं. लांब डावीकडे दुकानांची एक ओळ दिसत होती. त्याने मागच्या सीटवरचा तिचा फोन उचलला, स्वतःच्या खिशात टाकला.

"विचार कर," तो म्हणाला, "आणि झालं की सांग." आणि किल्ली घेऊन, दार आपटून, समुद्राच्या दिशेने चालत गेला.

गाडीतली हवा क्षणात तापली. एप्रिल संपत आला होता, दुपारचे बारा वाजून गेले होते. श्याम लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला. नीताला माहीत होतं, तो वळून बघणार नाही. आता तिने उतरायचं, त्याच्यामागे जायचं, ग्वेनचं नाव सांगायचं, चुकलं म्हणायचं. मग तो आणखी थोडा वेळ उभा राहील, आणि मग घरी. रस्ता पाठ होता.

ती उतरली. मग ती दुकानांच्या दिशेने चालायला लागली. आधी हळू. मागून हाक येईल म्हणून पाठ ताठ करून. हाक आली नाही. मग ती पळाली. शेचाळीस वर्षांची बाई, चुडीदार आणि चपला, भर उन्हात पळत सुटली. एकदा पडली, तळहात खरचटला, उठून पुन्हा पळाली.

पहिलंच दुकान अबाये, म्हणजे बायकांचे काळे झगे, शिवायचं होतं. आत मशीनवर बसलेली बाई, अमिना, हैदराबादकडची होती. तिने नीताचा चेहरा पाहिला आणि उठून स्टूल पुढे केलं. "बैठो, बाजी. पहले पानी पियो."

"फोन... एक फोन करना है."

तोंडपाठ असा एकच नंबर होता. पर्थला संध्याकाळ होती. चैत्रालीने पहिल्याच घंटेला उचलला. नीताला नीट बोलता येईना, तेव्हा अमिनाने फोन घेऊन दुकानाचं नाव, गाव सांगितलं. मग फोन परत नीताच्या कानाला लागला.

"आई, ऐक. गाडीत परत बसू नको. प्लीज. पासपोर्ट कुठे आहे?"

नीताने पर्स उघडली. होता. श्याम परत घ्यायला विसरला होता. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच काहीतरी विसरला होता.

"माझ्याकडे आहे."

"लुसैलच्या रुचाताईंकडे जा. मी त्यांना फोन करते. अँड देन द एम्बसी."

रुचा म्हणजे मंडळातली एक तरुण मुलगी, लुसैलला आयटीत दोन वर्षांच्या करारावर आलेली. नीताची तिच्याशी दिवाळीच्या फराळापुरती ओळख. तिला कसं विचारायचं, असं म्हणायला नीताने तोंड उघडलं आणि तेवढ्यात दुकानाच्या काचेत श्याम दिसला.

तो दार उघडून आत आला. कपाळावर घाम, तोंडावर हसू. "चल नीता, उशीर होतोय," मराठीत. आणि अमिनाला हिंदीत, "थोडी तबीयत ठीक नहीं रहती इनकी."

नीता उठून उभी राहिली. उठलीच. शरीर आपणहून उठलं. मग ती तिथेच थांबली, स्टुलाला धरून.

"मी टॅक्सीने येते," ती म्हणाली. "तुम्ही जा."

"तमाशा नको."

"तुम्ही जा."

अमिनाला मराठी येत नव्हतं. पण तिने हातातली मोठी कात्री टेबलावर ठेवली आणि दोघांच्या मधल्या जागेत येऊन, जणू कापडाचा तागा उचलायलाच आल्यासारखी, उभी राहिली. बाहेर दोन माणसं काचेतून बघत होती. श्यामने त्यांच्याकडे पाहिलं. लोकांसमोर त्याने आजवर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. नीताचा फोन त्याने टेबलावर ठेवला, हळुवारपणे, आणि निघून गेला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर नीताला ओकारी झाली. अमिना पाठीवर हात फिरवत राहिली. "खलास, बाजी. खलास."

पण खलास कुठलं. रुचाकडे नीता आठ दिवस राहिली आणि त्या आठ दिवसांत लिफ्टचा आवाज आला की ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची. रुचाने तिच्या फोनमधून तो माग काढणारा प्रकार काढून टाकला, वकिलातीत फोन केला, चैत्रालीने तिकीट काढलं. श्यामचे मेसेज यायचे. 'परवाना रद्द करतो.' मग, 'जेवलीस का?' मग, 'लोक विचारतायत, काय सांगू?' यातला सगळ्यात भीतिदायक तिला 'जेवलीस का' हा वाटला, कारण तो वाचल्यावर परत जावंसं वाटलं होतं.

तीन मेला, शनिवारी दुपारी, रुचाने लॅपटॉपवर निकाल लावला. ग्वेन हार्डिंग चौथी आली होती. "परदेशातली मतं अजून मोजायचीत," रुचा म्हणाली. तरी चौथीची पहिली काही होणार नव्हती. नीता बराच वेळ तो तक्ता बघत बसली. ग्वेनच्या नावापुढे चार हजारांच्या वर मतं होती. एवढी माणसं, आणि आपण समजत होतो की तिला आपल्याखेरीज कुणी ओळखतच नाही.

सोमवारी विमानतळावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने पासपोर्ट मशीनवर धरला आणि पडद्याकडे बघत राहिला. नीताची खात्री झाली, श्यामने काहीतरी केलंय, आता बाजूला घेणार. रुचाने दहा वेळा सांगितलं होतं, तसं काही होत नसतं. अधिकारी शेजारच्याशी अरबीत काही बोलला, दोघं हसले. मग शिक्का पडला. "यल्ला, मॅडम. नेक्स्ट." विमान सुटेपर्यंत ती दरवाजाकडे बघत होती.

आता ती पर्थला चैत्रालीच्या दोन खोल्यांत राहते, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. श्याम अल खोरलाच आहे. लोकांना सांगतो, बायको मुलीच्या परीक्षेसाठी गेलीये. वकिलामार्फत कागद सुरू झालेत, त्याला वेळ लागेल. कुणाला फोन करण्याआधी नीता अजून घुटमळते. गाडीचं लॉक वाजलं की अजून ती मागचा दिवस आठवून बघते, गाडी कुणाचीही असो.

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी ती चवळी निवडत बसली होती, तेव्हा त्याचा मेसेज आला. बऱ्याच दिवसांनी. 'बाकी जाऊ दे. कुणाला मत दिलंस एवढं तरी सांग.'

तिने चवळी बाजूला सारली. समुद्रापलीकडून, इतक्या महिन्यांनी, तो अजून त्या आडोशाशी, तिच्या मागे उभा होता. काहीतरी उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर तो गप्प बसेल, असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की बसला तर बसला. तिने टाइप केलं, 'सांगणार नाही.' आणि पाठवून दिलं.

आतून चैत्रालीने विचारलं, "कोण होतं, आई?"

"बाबा," नीता म्हणाली, आणि फोन उलटा ठेवून उरलेली चवळी निवडायला घेतली.